परका आवाज

सन २०२३ च्या श्रावणातील गोष्ट आहे. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. अधिक मास म्हटला की जावयाला तेहेतीस अनारशांचे वाण देणे आलेच. कढईतील तूप नुकते तापले होते. पहिलाच अनारसा हसला, म्हणून मी खिन्न मनाने दुसरा सोडीत होते, तोच फोन वाजला.

पलीकडचा आवाज एका तरुण मुलीचा होता. ती म्हणाली, "ज्येष्ठ नागरिकांच्या मदतवाहिनीवरून बोलते आहे. शुक्रवार पेठेतल्या आजींनी आपलं नाव दिलंय. त्यांना विचारूनच हा फोन केला आहे."

आजी म्हणजे माझ्या मामी. वय एकोणऐंशी. मामा जाऊन बरीच वर्षे झाली. एक मुलगा पुण्यास, दुसरा परदेशी. पंचगंगेच्या बाजूच्या त्या जुन्या घरात त्या एकट्याच राहतात. मी राजारामपुरीत, म्हणजे रिक्षाने पंधरा मिनिटांच्या वाटेवर.

मुलीने सांगितले ते असे : आजींचे काचबिंदूचे औषध संपून दोन महिने झाले आहेत, त्यांना एकटीने दवाखान्यात जाता येत नाही, कोणी सोबत जाईल काय? आणि शेवटी अगदी मृदू स्वरात, "आपल्याला जमणार नसेल तर तसं सांगा, दुसरी काही सोय होते का पाहू."

प्रामाणिकपणे सांगावयाचे तर त्या क्षणी मला मामींची काळजी वाटली नाही, राग आला. आमच्या घरातील माणसाने परक्यापाशी तोंड वेंगाडावे, आणि त्या परक्याने मला, सख्ख्या भाचीला, 'जमेल काय' असे विचारावे! कढईखालचा गॅस बंद करून मी तशीच निघाले.

मामी ओसरीवर बसल्या होत्या. मी आत पाऊल टाकताच विचारले, "मामी, मला का नाही सांगितलंत?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस, हे ठाऊक होतं. म्हणूनच नाही सांगितलं. तुझ्या घरी अधिकाचं वाण, सासूबाईंचं पथ्यपाणी. तुझं काम मोडायचं माझ्या जिवावर आलं."

"पण मी दर गुरुवारी फोन करते ना?"

"करतेस ना. विचारतेस, 'मामी, सगळं ठीक ना?' आता त्याला 'हो'शिवाय दुसरं काय उत्तर द्यायचं? त्या मुलीनं विचारलं, 'आजी, आज जेवलात काय?' मी म्हटलं, 'दूध-पोहे.' मग तिनं विचारलं, 'स्वयंपाक का नाही केलात?' मग सांगावंच लागलं, की मला शेगडीची उजवी बाजू नीट दिसत नाही."

यावर मला काहीच बोलता येईना.

काचबिंदू हा मोठा कपटी रोग आहे. त्याच्या नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही, लालही होत नाही. डोळ्यातील दाब मागील मज्जातंतूला हळूहळू मारीत जातो आणि नजर बहुधा कडेने कमी होत येते, म्हणून रोग्याला स्वतःलाही फार उशिरा कळते. दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी तपासून स्पष्टच सांगितले : जेवढे गेले तेवढे परत येणार नाही, उरले आहे ते सांभाळावयाचे तर थेंब एक दिवसही चुकवता कामा नयेत. त्यांतले किती त्या दोन महिन्यांत गेले, हे मी त्यांना विचारले नाही. मला धीर झाला नाही.

परत येताना मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी त्रेचाळीस फुटांची. त्या वेळी पाणी पंचावन्न फुटांच्या वर चढले होते. तालमीतील मुलांनी मामींना खांद्यावर घेऊन बाहेर काढले. त्या दिवसांत गावात कोणी परके उरले नव्हते. आम्हां कोल्हापूरकरांना संकट दिसले की धावता येते. परंतु जे संकट पाण्यासारखे दारातून येत नाही, थेंबाथेंबाने आतल्या आत येते, त्याला कोणी धावावे?

आपल्या जुन्या समाजाने याचा विचार केला नव्हता असे नाही. गरीब विद्यार्थ्याला वार लावून देणे ही एक प्रकारची मदतवाहिनीच होती. सोमवार अमक्याकडे, मंगळवार तमक्याकडे, अशी सात घरे कोणीतरी वडीलधारा जोडून देई. पण ती घरे जातीची असत, आणि ज्याला असा वडीलधारा नव्हता त्याने काय करावे, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते. याच गावात १९०१ साली शाहू महाराजांच्या आश्रयाने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे अनेक जातिधर्मांच्या मुलांची वसतिगृहे उभी राहिली. ज्याला ओळख नाही त्यालाही दार असावे, हा त्यामागील विचार होता.

या मदतवाहिनीचे तत्त्व मला तेच दिसते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झाला. वृद्धांचा १४५६७ हा केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याचा, २०२१ साली देशास अर्पण झालेला. मनाच्या व्यथांसाठी १४४१६ हा २०२२ पासून आहे. वृद्धांच्या वाहिनीवर निवृत्तिवेतनाची माहिती मिळते, आईबापांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्याचे मार्गदर्शन मिळते, टाकून दिलेल्या वृद्धाला आधार मिळवून देण्याची खटपट होते, आणि कोणी नुसते बोलावयास फोन केला तरी ऐकून घेतले जाते. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि तुम्ही कोणाचे कोण, हेही सांगावे लागत नाही.

अशाने कुटुंबाचे कर्तव्य सरकारच्या गळ्यात पडेल, असे माझे यजमान म्हणाले. मलाही आधी तसेच वाटले होते. परंतु या प्रकरणी घडले काय? त्या मुलीने मामींना कोणा परक्या संस्थेकडे नव्हे, तर माझ्याकडे पाठविले. माझे कर्तव्य तिने उचलले नाही. ते कोठे पडले आहे एवढे दाखविले.

आता मी गुरुवारी फोन करते तेव्हा 'सगळं ठीक ना' असे विचारीत नाही. आज भाजी कोणती केली, थेंब किती वाजता घातले, बाटलीत किती उरले, असे विचारते. बोलणे लांबते. एखादे वेळी मामी भांडतातही. ते मला बरे वाटते.

तो क्रमांक मी आमच्याही स्वयंपाकघरात दिनदर्शिकेशेजारी लिहून लावला. यजमान हसून म्हणाले, "भरल्या घरात हा कशाला?" माझ्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या भिंतीशी बसून गवारी मोडीत होत्या. त्यांनी मान वर करून कागदाकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "जरा मोठ्या अक्षरांत लिही गं. चष्म्यावाचून दिसला पाहिजे."