ज्याची त्याची पाळी

देवघरांतली घंटा ही वस्तु अशी आहे कीं, ती घरांत आहे हें कोणाच्या ध्यानांतहि नसतें. तांब्या हरवला तर शोधाशोध होते, निरांजन पोंचलें तर नवें येतें. घंटेला मात्र कधीं कांहीं होत नाहीं. आमच्या घरची घंटा माझ्या आजेसासूबाईंच्याहि आधींची. कांशाची, वीतभर उंच, मुठीवर गरुड बसलेला. चारपांच पिढ्यांच्या बोटांनीं त्या गरुडाचें नाक घासून गेलें आहे. परंतु नाद अद्याप असा कीं, तो संपला असें वाटल्यावरहि कांहीं वेळ खोलींत रेंगाळत असतो. या घंटेशीं गेल्या वर्षीं मीं एक अपराध केला. तो घंटेशीं केला असें त्या वेळीं मला वाटत होतें. वस्तुतः तो एका माणसाशीं घडला होता. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या भगिनींना त्यांतून कांहीं घेण्याजोगें आहे असें वाटतें, म्हणून संकोच सोडून लिहीत आहें.

आम्ही चिंचवडास राहतों. पवनेच्या कांठचें मोरया गोसावींचें समाधिमंदिर घरापासून हांकेच्या अंतरावर. आमच्या गांवाचें वर्ष पंचांगापेक्षां कानांनींच अधिक कळतें. भाद्रपदांत व माघांत मंगलमूर्तींची पालखी मोरगांवास निघते तेव्हांचा गजर वेगळा. ज्येष्ठांत तुकोबारायांची पालखी देहूहून निघून आकुर्डीस मुक्कामाला येते तेव्हांचा टाळांचा नाद वेगळा. आणि मार्गशीर्षांत समाधीच्या उत्सवांतल्या घंटांचा नाद आणखी वेगळा. अलीकडे गणपतीपूर्वीं महिना-दीड महिना ढोलताशांच्या पथकांच्या तालमी चालतात. त्या गदारोळांत टोल वाजविणाऱ्या एखाद्या पोराची ठोक मात्र नेमकी वेळेवर पडते आणि बाकीच्यांना ताळ्यावर ठेवते. या सर्वांच्या जोडीला कारखान्यांचे भोंगे. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मागोमाग दुसरे कारखाने आले, १९७० सालीं नगरपालिका झाली, १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि देवळाची घंटा व कारखान्याचा भोंगा हीं दोन्ही एकाच हवेंत नांदूं लागलीं. पुढें कारखान्यांची ही रांग इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत गेली. ज्या चाकणच्या किल्ल्यानें १६६० सालीं शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेला जवळजवळ दोन महिने थोपवून धरलें, त्याच चाकणच्या माळावर आज मोटारी तयार होतात. आमचे चिरंजीव तेथेंच एका कारखान्यांत इंजिनिअर आहेत. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची, एक आठवडा रात्रीची, असें त्यांचें चक्र आहे.

घरांत देवपूजेची पाळी मात्र एकाच माणसाची, ती मामंजींची. माझे सासरे आतां शहाऐंशी वर्षांचे आहेत. आयुष्यभर त्यांनीं शाळेंत इतिहास शिकविला, आणि घंटा हा त्यांचा आवडता विषय. श्रावणांत भीमाशंकरास गेलों कीं, तेथें टांगलेल्या मोठ्या घंटेपाशीं सगळ्या मुलांना उभें करून ते विचारीत, "ही घंटा कोठली?" मुलें एका सुरांत म्हणत, "वसईची!" चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांपासून वसई घेतली, तेव्हां तेथल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. एक भीमाशंकरास, एक वाईजवळ मेणवलीस, एक नाशकास नारोशंकराच्या देवळांत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हा सन आणि बाळ येशूसह मेरीची आकृति आहे, हें मामंजी मुलांना बोटानें चांचपावयास लावीत. "घंटेला धर्म नसतो," असें ते म्हणत, "तिला फक्त चांगलें कांसें लागतें, चार भाग तांबें, एक भाग कथील. बाकीचें काम वाजविणाऱ्याचें."

अशा माणसाचे कान हळूहळू मंद होत चालले होते. वार्धक्यांत असें होतेंच. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, पूजेंतली घंटा दिवसेंदिवस मोठी होत गेली. सकाळीं आठ वाजतां मामंजी कलशपूजा, शंखपूजा आटोपून घंटेला गंधफूल वाहत. देवांचें आगमन व्हावें आणि अशुभानें निघून जावें म्हणून ती वाजवावयाची, असा त्या वेळच्या मंत्राचा आशय आहे. पूर्वीं हा नाद दहाबारा ठोक्यांचा असे. आतां तो मिनिटभर चाले. आणि रात्रपाळीच्या आठवड्यांत चिरंजीव साडेसातला घरीं येऊन नुकतेच अंथरुणाला टेकलेले असत. त्यांची खोली देवघराला लागून.

माझी सून शहाणी आहे. ती कांहीं बोलली नाहीं. फक्त घंटा वाजूं लागली कीं, ती चटकन् जाऊन खोलीचें दार लोटून घेई, आणि परत येतांना माझ्याकडे पाही. त्या पाहण्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें मला अधिक लागे. मामंजींना सांगावें तर कसें? पस्तीस वर्षें मी त्यांच्या पुढ्यांत वावरलें. पण अमुक करूं नका, असें त्यांना म्हणण्याची पाळी माझ्यावर कधीं आली नव्हती. यजमानांना सुचविलें, तर ते म्हणाले, "बघूं." पुरुषांचें 'बघूं' म्हणजे काय, तें वाचक भगिनींना सांगावयास नकोच.

एका रविवारीं रात्रीं वाती वळतां वळतां मला युक्ति सुचली. मीं कापसाचा एक पेळू घेतला, घंटेच्या लोलकाभोंवतीं घट्ट गुंडाळला, वरून दोऱ्याचे दोन वेढे दिले आणि घंटा होती तशी ठेवून दिली. मामंजींची दृष्टिहि अधू. आंत डोकावून ते पाहणार नव्हते. मला त्या वेळीं स्वतःच्या चातुर्याचें कौतुकच वाटलें. कोणाचें मन दुखावलें नाहीं, शब्दानें शब्द वाढला नाहीं, आणि मुलाच्या झोंपेची सोय झाली!

सोमवारीं सकाळीं मी ओटीवरून पाहत होतें. मामंजींनीं घंटा उचलली, वाजविली. नुसती मऊ धबधब. त्यांचा हात थांबला. पुन्हां जोरानें हलविली. मग त्यांनीं ती उजव्या कानाजवळ नेऊन हलविली, डाव्या कानाजवळ नेऊन हलविली, आणि अगदीं सावकाश खालीं ठेवली. चेहऱ्यावर कांहीं दिसलें नाहीं. पुढची पूजा नेहमींप्रमाणें झाली. मंगळवारीं तसेंच. बुधवारीं घंटा कानाशीं नेलीच नाहीं. गुरुवारीं तिला गंधफूल वाहिलें आणि ती उचललीच नाहीं.

त्या दिवशीं दुपारीं माझा सहा वर्षांचा नातू त्यांच्यापाशीं बसला होता. मी दाराआड तांदूळ निवडीत होतें. मामंजी त्याला म्हणाले, "उद्यांपासून घंटा तूं वाजवायची हं. माझे कान आतां अगदींच गेले. घंटा वाजते तरी कीं नाहीं, हें देखील मला कळत नाहीं." मुलानें विचारलें, "मग तुम्हांला वाईट वाटतें का?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाईट कसलें? माणसांचें बोलणें अजून ऐकूं येतें, तेवढें पुष्कळ. पण चार दिवस वाटतें आहे कीं, देव कांहीं आंत येत नाहींत."

सूप माझ्या हातांतच राहिलें. मीं मुलाची झोंप वांचविली आणि म्हाताऱ्या माणसाचे कान नेले! आणि तरीहि, खरें सांगावयाचें तर, त्या क्षणीं उठून आंत जाण्याचें धैर्य मला झालें नाहीं. रात्रीं गुपचूप कापूस काढून टाकावा, म्हणजे उद्यां घंटा आपोआप वाजेल व सर्व मिटेल, असाच विचार पुन्हां मनांत आला. एक लबाडी झांकावयास दुसरी!

मला सोडविलें तें एका पत्रानें. हल्लीं पत्रें फोनवरच येतात, तसें तें त्याच संध्याकाळीं आलें. माझ्या नणंदेची मुलगी अमेरिकेंत बोस्टनजवळ असते. तिकडे हातांत घेऊन वाजवावयाच्या घंटांचीं मंडळें असतात. तशा एका मंडळांत ती दोन वर्षांपासून जाते. या छंदाचा उगम इंग्लंडांतला. तेथें देवळाच्या मनोऱ्यांत मोठाल्या घंटा असून प्रत्येकीच्या दोरापाशीं एकेक माणूस उभा राहतो आणि ठरलेल्या क्रमानें त्या वाजवितात. पुण्यास पंचहौद मिशनच्या मनोऱ्यांत अशा आठ घंटा आहेत. १८९० सालच्या चहाच्या प्रकरणामुळें आणि त्यावरून उठलेल्या ग्रामण्यामुळें तें नांव आपल्या घरांना परिचित आहेच. हा क्रम अंगवळणीं पडावयास तासन् तास सराव लागतो. परंतु मनोऱ्यांत रोज सराव केला तर गांवाला झोंप कोठली? म्हणून घरांत बसून सराव करण्यासाठीं लहान घंटा निघाल्या, आणि पुढें त्यांचेंच एक स्वतंत्र वादन झालें. बोस्टनच्या मार्गारेट शर्क्लिफ या बाईंना १९०२ सालीं लंडनच्या व्हाइटचॅपल येथील ओतशाळेकडून अशा घंटांचा संच मिळाला, आणि त्यांनीं हा छंद तिकडे रुजविला. १९३७ सालीं त्या प्रांतांतल्या वादकांचा संघ झाला व १९५४ सालीं साऱ्या देशाचा.

भाचीच्या पत्रांत मंडळाच्या बातम्या होत्या. डिसेंबरांत नाताळचा कार्यक्रम, त्यासाठीं दर मंगळवारीं तालीम, आणि एक अडचण. तिनें लिहिलें होतें, "मामी, आमच्या मंडळांत पांच सप्तकांच्या एकसष्ट घंटा आहेत. एकेकाच्या वांट्याला बहुधा दोन घंटा, म्हणजे दोनच सूर. सबंध गाणें कोणालाच वाजवितां येत नाहीं. आमच्यांतल्या एक वृद्ध बाई आजारी पडल्या आणि त्यांच्या दोन सुरांच्या जागीं गाण्याला भोंकें पडलीं. आणखी एक गंमत सांगतें. घंटा वाजविणें सोपें, थांबविणें कठीण. आपला सूर संपला कीं, घंटा आपल्याच खांद्याला टेकवून तिचा नाद आपणच मिटवायचा. दुसऱ्याच्या घंटेला हात लावायचा नाहीं, हा आमचा पहिला नियम."

तें वाक्य मीं दोनदां वाचलें. मग उठलें, देवघरांतून घंटा घेतली आणि तशीच मामंजींच्या पुढें नेऊन उलटी धरली. "कापूस मीं बांधला," एवढेंच मला बोलतां आलें. त्यांनीं आंत बोट घातलें, दोरा सोडला, कापूस काढला, घंटा एकदां हलविली. नाद खोलीभर झाला. त्यांचे डोळे मिटले होते. नाद पुरता विरल्यावर ते म्हणाले, "सूनबाई, चार दिवस मी बहिरा होतों. मला नुसतें सांगितलें असतें, तर मी चार दिवस मुका राहिलों असतों. त्यांत मला कांहीं जड नव्हतें." रागाचे चार शब्द मीं सोसले असते, हे सोसले नाहींत.

रात्रीं जेवणाच्या पंगतींत सर्व प्रकार निघाला. चिरंजीव आश्चर्यानें म्हणाले, "पण आई, मला घंटेनें कधीं जाग आलीच नाहीं. लहानपणापासून ऐकतों आहें. मला जाग येते ती घंटा थांबल्यावर तुम्ही सगळ्या दाराबाहेर 'हळू बोला, तो झोंपला आहे' असें कुजबुजतां त्यानें." सून पदर तोंडाला लावून हंसली. ज्या घरांत प्रत्येक जण दुसऱ्याच्या भल्याचें परस्पर ठरवितो आणि त्याला विचारीत मात्र कोणी नाहीं, त्या घरांत असेंच व्हावयाचें. एकत्र कुटुंब म्हणजे पुष्कळ सूर एका दिवाणखान्यांत. एकेकाच्या वांट्याला दोनच; कोणाचा सूर केव्हां यावयाचा, हें आपसांत बोलूनच ठरवावें लागतें. न बोलतां दुसऱ्याच्या घंटेंत कापूस भरणें ही सोय नव्हे, भित्रेपणा आहे, आणि मायेचा तो भित्रेपणा रागापेक्षां अधिक घात करतो.

आतां देवघराच्या दारामागें चिरंजीवांच्या पाळ्यांचा तक्ता लावलेला आहे. तो मामंजींनींच मागून घेतला. त्यांच्या मतें घंटेनें जाग येवो वा न येवो, घरांतल्या माणसाची पाळी घरांतल्या माणसाला ठाऊक असली पाहिजे. रात्रपाळीच्या आठवड्यांत ते सकाळीं घंटा एकदांच वाजवितात. सायंकाळच्या आरतीला मात्र नातू घंटा, सून टाळ आणि भाऊजी झांज, असा सगळ्यांचा मेळ असतो, आणि तेव्हां कोणी कोणाला हळू म्हणत नाहीं. भाची येत्या भाद्रपदांत येणार आहे. ती आली कीं, तिच्या हातीं कोणते दोन सूर असतात, तें तिला विचारावयाचें आहे, असें मामंजींनीं मला दोनदां बजावलें आहे.

काल रात्रपाळीचा आठवडा सुरू झाला. सकाळीं मामंजींनीं घंटा एकदां वाजविली, नाद उमटूं दिला, आणि मग हळूच ती आपल्या खांद्यावरच्या उपरण्याला टेकविली.