नव्या हौदातले मासे

गेल्या वर्षी गोठ्याशेजारी आम्ही सिमेंटचा नवा हौद बांधला. डास होऊ नयेत म्हणून आठव्याच दिवशी त्यात गप्पी मासे सोडले. सकाळी पाहतो तो सगळे मरून तरंगत होते! धाकट्या मुलीचे रडणे थांबेना.

चूक माझ्या घाईची. ताज्या सिमेंटातला चुना पाण्यात उतरतो आणि माशांचे कल्ले भाजून काढतो. पाणी मात्र नितळच दिसते.

मग हौद काठोकाठ भरून ठेवला, दर चार दिवसांनी पाणी बदलले. महिन्याने पीएच कागद बुडवला. आकडा ८ च्या आसपास आला, तेव्हा आधी दोनच मासे सोडले. ते जगले, मग बाकीचे.

तुम्ही हौद बांधाल तेव्हा महिनाभर धीर धरा. तेवढ्याने मुके जीव वाचतात.