शेजारी बसलेल्या माणसाचे सिनेमे

'दुर्लक्षित मराठी चित्रपट' असा विषय निघाला की माझी पंचाईत होते. मला जी तीन नावं पटकन सुचतात, त्या तिघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले आहेत. 'देवराई', 'अस्तु' आणि 'कासव'. तिन्ही सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे. 'कासव'ला तर २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ आहे. आजवर पाच मराठी चित्रपटांना हा मान मिळाला: 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव'. सिनेमाची आवड असणाऱ्या मंडळींना मी ही पाच नावं अधूनमधून विचारते. पहिली चार थोड्या खटपटीनं का होईना, पण येतात. पाचव्याला बहुतेक जण अडतात आणि मी नाव सांगितलं की म्हणतात, "हां, तो डिप्रेशनवरचा ना? बघायचा राहिलाय."

या वाक्यातच सगळं आलं. 'डिप्रेशनवरचा.' तसाच 'देवराई' हा स्किझोफ्रेनियावरचा आणि 'अस्तु' अल्झायमरवरचा. सिनेमाला एकदा का असा 'वरचा' चिकटला, की तो करमणुकीच्या कप्प्यातून निघून कर्तव्याच्या कप्प्यात जातो. शुक्रवारी संध्याकाळी चौघांनी मिळून बघायचा सिनेमा तो राहत नाही. कधीतरी, मन तयार असेल तेव्हा, बघितला पाहिजे अशा यादीत जाऊन बसतो. आणि मन तसं कधी तयार होत नाही. त्याला प्रसिद्धी मिळाली नाही, शो चुकीच्या वेळी लागले, ही कारणं खरीच आहेत. पण ती कितीतरी चांगल्या सिनेमांना लागू होतात. या तीन सिनेमांचं दुखणं वेगळं आहे. त्यांचं कौतुक झालं ते विषयासाठी, आणि त्या कौतुकाखाली सिनेमा झाकला गेला.

हे लेबल अगदीच हवेतून आलं असंही नाही. सुमित्रा भावे मुळात समाजशास्त्राच्या अभ्यासक. झोपडपट्टीतल्या बायकांच्या जगण्याचं संशोधन करताना त्यांना वाटलं, की हे लिहून ठेवलेलं त्या बायकांपर्यंत परत कसं जाणार? त्यातून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला. कॅमेऱ्याचं रीतसर शिक्षण नसलेली, चाळिशी ओलांडलेली एक बाई सिनेमाकडे वळली ती अशी. दहा वर्षांनी 'दोघी' आला. म्हणजे प्रश्नापासून सुरुवात करायची हा त्यांचा पिंडच होता. 'देवराई' तर पुण्यात स्किझोफ्रेनियाविषयी काम करणाऱ्या संस्थेच्या पुढाकारातून उभा राहिला, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरणविषयक चित्रपट म्हणून! देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. ते सिनेमात आहे हे खरं. पण एका कप्प्यात बसेना म्हणून दुसऱ्या कप्प्यात ठेवलं, इतकाच त्याचा अर्थ मला लागतो.

माझ्या दृष्टीनं 'देवराई' शेषचा जितका आहे, तितकाच सीनाचा आहे. शेष म्हणजे अतुल कुलकर्णी. कोकणातल्या घरात, त्या रानाच्या ध्यासात वाढलेला, आणि हळूहळू भ्रमांनी वेढला गेलेला. ही भूमिका भारी आहे आणि तिची तारीफ झाली. पण सिनेमाचा भार सोनाली कुलकर्णीच्या सीनावर आहे. ती भावाला शहरात आपल्या घरी आणते. तिथे नवरा आहे, संसार आहे, आणि या सगळ्यात एक असा माणूस आणून ठेवायचा आहे ज्याच्या मनात पुढच्या क्षणी काय येईल हे कुणालाच सांगता येत नाही. सीना प्रेमळ आहे, पण देवी नाही. ती वैतागते, घाबरते, नवऱ्यापुढे ओशाळते, आणि पुन्हा भावाच्या बाजूला जाऊन बसते. आजारी माणसाचे सिनेमे जगात पुष्कळ आहेत. शेजारी बसलेल्या माणसाचे फार थोडे आहेत.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आपल्याकडे रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' असे शब्द रुळले आहेत. शब्द चांगले आहेत. माझ्या आईला मी ते सांगितले तेव्हा ती हसली. म्हणाली, "शुभंकर म्हणजे बाप्याचं नाव वाटतं गं. बाप्ये कुठं बसतात उशाशी?"

आई सात वर्षं बसली. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नोकरीची बरीच वर्षं मिरजेच्या स्टँडवर गेली. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, कुठे क्रॉसिंग, कुणाची ड्यूटी, सगळं तोंडपाठ. सीमाभागातल्या प्रवाशांशी बोलून बोलून कानडीही यायचं. २०१३ साली डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, त्याआधी वर्षभर ते स्वतःच्या घरात खोल्या चुकत होते. माणसांची नावं गेली, नाती गेली, जेवलोय की नाही ते गेलं. गाड्यांच्या वेळा मात्र राहिल्या. रोज दिवेलागणीला ते उठून चपला शोधायचे. सातची गाडी लावायची असायची. सुरुवातीला आम्ही समजावत होतो, की अण्णा, तुम्ही रिटायर झालात. त्यावर ते चिडायचे, रडायचे. मग आईनं एक दिवस नुसतं सांगितलं, "अहो, गाडी लेट आहे. पंढरपूरहूनच उशिरा सुटलीय. बसा जरा." ते बसले. पुढे कित्येक वर्षं ती गाडी रोज लेट होत राहिली.

'अस्तु' मी २०१६मध्ये पुण्यात पाहिला, सकाळच्या खेळाला, मोजक्या प्रेक्षकांत. गोष्ट थोडक्यात अशी. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांना अल्झायमर झालाय. मुलगी इरा कामासाठी त्यांना गाडीत बसवून जरा बाजूला जाते. तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जातो आणि शास्त्री उतरून त्याच्या मागे चालू लागतात. पुढे एकीकडे इराची शोधाशोध आणि त्यात सरमिसळ होणाऱ्या आठवणी. दुसरीकडे हत्ती, माहूत, आणि माहुताची बायको चन्नम्मा.

मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, म्हणून त्यांनी आजार 'अचूक' दाखवलाय असं म्हटलं जातं. मला ते कौतुक कमी वाटतं. त्यांनी आजार दाखवलेलाच नाही. त्यांनी हत्ती पाहून हरखलेला माणूस दाखवलाय. त्या चेहऱ्यावर हरवल्याची भीती नाही, उलट कुतूहल आहे. भीती सगळी इराच्या चेहऱ्यावर. इरावती हर्षेनं ती फार संयमानं केलीय. वडील सापडले नाहीत तर काय, या भीतीच्या पोटात दुसरी एक भीती आहे: जे सापडतील ते माझे वडील असतील का? ज्यांना मी कोण हे आठवत नाही, त्यांची मी मुलगी आहे म्हणजे नेमकं काय? घरात हा आजार असणाऱ्याला हा प्रश्न दिवसातून दहा वेळा पडतो, पण तो कुणापुढे उच्चारता येत नाही. नातेवाइकांसमोर तो कृतघ्न वाटतो, डॉक्टरांसमोर निरर्थक. सिनेमानं तो उच्चारलाय.

आणि चन्नम्मा. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिचं कानडी आणि कानडी वळणाचं मराठी आमच्या भागातल्या माणसाला घरचं वाटतं. चन्नम्माला शास्त्रींची विद्वत्ता माहीत नाही. त्यामुळे ते काय होते आणि आता काय उरलेत, हा हिशोब तिच्याकडे नाहीच. तिच्यापुढे एक भुकेला म्हातारा आहे, जो तिच्यात आई शोधतो, आणि ती त्याला लेकरासारखं खाऊ घालते. इरा ज्या प्रश्नाशी झगडतेय, तो चन्नम्माला पडत नाही. सुमित्रा भाव्यांनी दोघींपैकी कुणालाही चूक ठरवलेलं नाही. पाहताना मला आईची लेट होणारी गाडी आठवत होती. संस्कृतचा एक शब्दही न येता आई 'अस्तु'च म्हणत होती.

पुढच्या वर्षी आमच्याकडे एका संस्थेनं 'अस्तु'चा खेळ ठेवला. शेजारच्या काकूंना अण्णांपाशी बसवून मी आईला घेऊन गेले. चार वर्षांत ती पहिल्यांदाच सिनेमाला बाहेर पडत होती. कपाटातली बरी साडी काढून, पर्समध्ये फोन हातात धरूनच बसली होती. सिनेमा संपला, दिवे लागले आणि पडद्यावर लगेच लक्षणांची यादी आली. मग व्याख्यान झालं. मग प्रश्न: गोळ्यांनी फरक पडतो का, आनुवंशिक असतो का, शब्दकोडी सोडवली तर टळतो का. उत्तरं उपयोगी होती. लोकांना माहितीची गरज असते आणि ती देणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण तासाभरात सिनेमाबद्दल एक वाक्य निघालं नाही. हत्तीबद्दल नाही, चन्नम्माबद्दल नाही. दोन तास जे घडलं ती जणू स्लाइड शोच्या आधीची लांबलेली प्रस्तावना होती.

रिक्षात आई म्हणाली, "त्या हत्तीवाल्या बाईला कुणी विचारलं का, बाई, तू दमलीस का?"

मी म्हटलं, "सिनेमात?"

"सिनेमात पण. आणि तिथं हॉलमध्ये पण."

तिचं हे म्हणणं मला आजवर 'अस्तु'वर वाचलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा नेमकं वाटतं. कारण त्यात सिनेमाची उणीवही सापडते. चन्नम्मा जरा जास्तच निर्मळ आहे. गरीब, अडाणी, म्हणून अपार मायेची, हा साचा आपल्या साहित्यात जुना आहे, आणि शास्त्रीबुवांच्या घरातल्या दमणुकीला जितकी जागा मिळते तितकी हत्तीमागे पायपीट करणाऱ्या बाईच्या दमणुकीला मिळत नाही. शिवाय विद्वानाची स्मृती गेली की ती शोकांतिका, हे सहज पटतं. गाड्यांच्या वेळा पाठ असणाऱ्याचं काय गेलं, असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायला वेळ लागतो. भावे-सुकथनकरांची पात्रं कधीकधी मनातलं फार स्पष्ट बोलून दाखवतात, हा आक्षेपही मला मान्य आहे. हे सगळं म्हणायला मिळावं, यासाठीच हे सिनेमे सिनेमा म्हणून पाहिले जायला हवेत. माहितीपत्रकाशी कुणी भांडत नाही. वाद घालावा असं वाटणं हीसुद्धा कलाकृतीची दखलच असते.

या तिघांत मला 'कासव' सर्वांत पुढचा वाटतो, कारण तिथे बोलणं कमी झालंय. अमेरिकेतून परतलेली जानकी (पुन्हा इरावती हर्षे) कोकणात, समुद्री कासवांच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या दत्ताभाऊंच्या मदतीला आलीय. वाटेत तिला एक आजारी, जगणं नको झालेला तरुण सापडतो. ती त्याला घरी आणते आणि काही विचारत नाही. नाव नाही, गाव नाही, असं का केलंस नाही. आलोक राजवाडेनं तो तरुण असा केलाय की आपल्यालाच त्याचा राग यावा. जेवत नाही, बोलत नाही, उपकार मानत नाही. किशोर कदमच्या ड्रायव्हरलाही तो खटकतो. जानकी थांबते. तिलाही हे अंधारे दिवस माहीत आहेत, पण 'मीही यातून गेलेय' हे ती त्याच्यावर लादत नाही. माणूस कवचात गेला तर ठोठवायचं नसतं, आसपास राहायचं असतं, एवढंच सिनेमा सांगतो, आणि तेही घाई न करता. मराठीत थांबण्याचं इतकं बारीक चित्रण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

१९ एप्रिल २०२१ रोजी सुमित्रा भावे गेल्या. 'दिठी', दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा त्यांचा चित्रपट, त्यानंतर महिनाभरानं ओटीटीवर आला. तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांत 'सामाजिक प्रश्नांवर चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शिका' हे शब्द पुन्हा पुन्हा वाचले.

अण्णा २०२० साली गेले. पुढे 'कासव' घरबसल्या बघता येऊ लागला तेव्हा मी मिरजेला गेले होते. आईला मी विषय काय आहे ते सांगितलं नाही. कोकणातला आहे, समुद्र आहे, एवढंच म्हटलं. ती शेंगा सोलत बघायला बसली. अर्ध्यावर तिचे हात थांबले. "ही बाई त्याला काही विचारत नाही, ते बरं करते," म्हणाली. संपल्यावर बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिली. मग सहज सांगावं तसं तिनं सांगितलं, की अण्णा गेल्यावर दोन-अडीच महिने तिला सकाळी उठावंसं वाटत नव्हतं. आंघोळ नको, देवपूजा नको. संध्याकाळी सात वाजता तेवढी जाग यायची, आणि गाडी लेट आहे हे सांगायला कुणी नाही म्हणून परत पडून राहायची.

मी काही विचारलं नाही. शेंगांची परात मधे ओढून तिच्यासोबत सोलायला लागले. त्या रात्री जेवायला दहा वाजले, कारण ती बोलत होती.