कानामागे चोवीस तास

तीन महिन्यांच्या खासगी क्लासचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावलं आणि 2018 साली घराच्या पुढच्या खोलीत मी पार्लर उघडलं. त्या वेळी दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर गुमास्ता नोंदणीसाठी ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळायची. त्या फॉर्मात पत्ता होता, कामगार किती ते होतं. काम येतं का, हे कुठेच विचारलेलं नव्हतं. तेव्हा मला ते बरंच वाटलं.

शेजारच्या काकू लेकीच्या साखरपुड्याआधी केस काळे करायला आल्या. "आटप गं लवकर, पाहुणे यायचेत." मी डाय कालवून लावला. रात्री त्यांच्या घरून फोन आला: कपाळ, कान सुजलेत, डोळे उघडत नाहीत. सकाळी डॉक्टरांकडे मीच सोबत गेले. त्यांनी विचारलं, "पॅच टेस्ट केली होती?" क्लासमध्ये हा शब्द मी ऐकलाच नव्हता.

घरी येऊन कचऱ्यातून डायचं खोकं काढलं. बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं. आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावा, चोवीस तास थांबा. भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. पॅराफेनिलिनडायअमिन असलेल्या डायवर हा इशारा कायद्यानेच छापावा लागतो. साखरपुड्यात काकू डोक्यावरून पदर ओढून मागच्या रांगेत बसल्या, मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्याने मी जास्तच खचले.

पुढच्या वर्षी आयटीआयच्या कॉस्मेटॉलॉजी ट्रेडला गेले. एक वर्षाचा कोर्स, वर्गातल्या मुली नुकत्याच दहावी झालेल्या. मॅडमनी कित्येक दिवस कुणाच्या केसांना हात लावू दिला नाही. आधी हात धुणं, प्लकर-कात्र्या निर्जंतुक करणं, मग त्वचेचे थर. डोक्यात साधा कोंडा कुठला आणि गजकर्ण कुठलं, हे मला तिथे कळलं. थ्रेडिंगचा दोरा स्वतःच्याच पोटरीवर चालवून आम्ही शिकलो. वर्षाअखेरीस ट्रेड टेस्ट दिली.

पार्लर उघडायला आयटीआयचं प्रमाणपत्र आजही सक्तीचं नाही. मला ते मुळीच पटत नाही. माझ्याकडे डाय करायचा तर आदल्या दिवशी कानामागे ठिपका लावून घ्यावा लागतो. घाईतल्या बायका चिडून दुसरीकडे जातात, जाऊ देते.

काकू आता मेंदीच लावतात. 'काळी मेंदी' म्हणून विकतात त्यातही बरेचदा डायमधलं तेच रसायन असतं, हे मीच त्यांना सांगितलंय. दर वेळी पुडा माझ्या हातात देतात, मी त्यावरची घटकांची यादी मोठ्याने वाचते, आणि मगच त्या खुर्चीत बसतात.