उठण्याची वेळ

एकाच आसनावर कोणी दीर्घकाळ बसले म्हणजे आसन निराळे आणि माणूस निराळा, याचा भोवतालच्यांना हळूहळू विसर पडतो. मग तो माणूस उठू लागला, की प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न येतो: आता यांच्यासारखा दुसरा कोठून आणावा? हा प्रश्न मुळात बरोबर आहे काय, याचा विचार मला अलीकडे फार करावा लागतो. आणि तो करताना अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमधील दोन उदाहरणे राहून राहून आठवतात. या खेळाची मला तरुणपणापासून गोडी आहे. मैदानावर धावणाऱ्या खेळाडूंइतकेच, कडेच्या बाकावर बसून संघ घडविणाऱ्या प्रशिक्षकाचे मला कुतूहल वाटत आले आहे.

त्या क्षेत्रात प्रशिक्षकाची गादी मोठी अस्थिर. दोन हंगाम पराभवाचे गेले, की मालक त्यास निरोप देतात. तथापि बोस्टनच्या सेल्टिक्स संघाचे रेड आवरबाक हे १९५० पासून १९६६ पर्यंत त्या गादीवर राहिले आणि त्यांनी ९ अजिंक्यपदे मिळविली. त्यांपैकी अखेरची ८ तर ओळीने. शेवटचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच, हा आपला अखेरचा, असे त्यांनी जाहीर करून टाकले. तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. हाकलले जाण्यापूर्वी उठावे, ही बुद्धी फार थोड्यांना होते.

वारस म्हणून त्यांनी प्रथम आपल्या हाताखालच्या जुन्या खेळाडूंकडे विचारणा केली. पण ती मंडळी राजी होईनात. अखेरीस त्यांनी बिल रसेल यास निवडले. रसेल हा त्या संघाचा आधारस्तंभ, परंतु स्वभावाने मानी. दुसऱ्या कोणा प्रशिक्षकाचे तो ऐकेलच, याची खात्री नव्हती. तेव्हा रसेलकडून उत्तम खेळ करवून घेणारा माणूस खुद्द रसेलच, असा आवरबाक यांचा हिशेब होता. १९६६ च्या अंतिम फेरीचा पहिला सामना संघ हरला आणि लागलीच ही निवड जाहीर झाली. पुढे ती फेरी सेल्टिक्सने सातव्या सामन्यात जिंकली. रसेल हा त्या राष्ट्रीय स्पर्धेतील पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. गोऱ्या खेळाडूंशी तो न्यायाने वागेल काय, असे त्याला पत्रकारांनी विचारले होते, यावरून त्या निवडीमागील धैर्याची कल्पना यावी.

पहिल्याच वर्षी, १९६७ साली, फिलाडेल्फियाच्या संघाने सेल्टिक्सला हरविले आणि ८ वर्षांची परंपरा खंडित झाली. आवरबाक त्या वेळी संघाचे व्यवस्थापक होते. मनात आणते तर पुन्हा बाकावर येऊन बसते. ते आले नाहीत. १९६८ आणि १९६९ या दोन्ही वर्षी रसेलने, स्वतः खेळत आणि संघ चालवीत, अजिंक्यपद परत आणले. मला त्या दोन विजयांहून १९६७ चे ते न उठणे मोठे वाटते.

दुसरे उदाहरण सॅन अँटोनिओच्या ग्रेग पोपोविच यांचे. डिसेंबर १९९६ मध्ये ते स्पर्स संघाचे प्रशिक्षक झाले, त्यांनी ५ अजिंक्यपदे मिळविली. त्यांचा वारस कोण, याची चर्चा वर्षानुवर्षे चाले. ज्यांची नावे घेतली जात ते माइक बुडेनहोल्झर, बेकी हॅमन हे साहाय्यक एकेक करून अन्य संघांचे प्रमुख होऊन गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोपोविच यांना मेंदूचा सौम्य झटका आला, आणि निवडीची घटका त्यांच्याऐवजी आजाराने ठरविली. मिच जॉन्सन हा तरुण साहाय्यक हंगामी म्हणून पुढे झाला. २ मे २०२५ रोजी पोपोविच यांनी गादी सोडली, आणि ती जॉन्सन यास कायमची मिळाली.

यातील एक गोष्ट मला विशेष हृद्य वाटते. पोपोविच यांच्या नावावर १,४२२ विजय आहेत, हा त्या स्पर्धेतील उच्चांक. परंतु अखेरच्या हंगामात जॉन्सनने संघ चालविला तेव्हाचे विजयही नियमाप्रमाणे पोपोविच यांच्याच खाती जमा झाले आहेत. अशी बिननावाची सेवा ज्याने केली, त्याच्या हाती गादी जावी, यात औचित्य आहे.

हे सारे मला आज का आठवावे? आमच्या भजनी मंडळाचे म्होरकेपण कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. आता गळा साथ देत नाही, मांडी घालून फार वेळ बसवत नाही, आणि "बुवा, तुमच्यामागून कोण?" असे मुले धिटाईने विचारू लागली आहेत. दोघे जण डोळ्यांसमोर आहेत. एक हुबेहूब माझ्यासारखा गातो. माझे खाकरणेसुद्धा त्याने उचलले आहे. दुसऱ्याची चाल वेगळी, कधी कधी मला ती रुचतही नाही. पण मी आजारी असताना पखवाजवाल्याला वेळेवर बोलावणारा, लहान मुलांना टाळ धरावयास शिकविणारा, आणि दिंडी माझ्याच नावाने पुढे नेणारा तोच. तो बसला म्हणजे बाकीचे आपसूक सावरून बसतात.

यंदाच्या सप्ताहात मी दुसऱ्यालाच पुढे बसविणार आहे. त्याच्या पहिल्या अभंगाला ताल चुकेल, कदाचित सूरही ढळेल, आणि जुनी मंडळी वळून माझ्याकडे पाहतील. त्या वेळी मागच्या रांगेत टाळ हाती धरून मला निमूटपणे बसून राहता आले पाहिजे. निवड मी केलीच आहे; कसोटी आहे ती त्या बसण्याची.