राजाजीनगरच्या गल्लीत थार रॉक्स

बंगळुरूच्या राजाजीनगरमध्ये पत्ता विचारा, उत्तर ब्लॉक, मेन आणि क्रॉस अशा तीन शब्दांत मिळेल. मेन म्हणजे मोठा रस्ता, क्रॉस म्हणजे त्याला छेदणारा. नवरंग थिएटरच्या आसपासच्या एखाद्या क्रॉसमध्ये शिरून बघा. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. समोरून थार रॉक्स आली, की तुम्ही आपोआप कडेला सरता.

महिंद्राने ही पाच दारांची थार 15 ऑगस्ट 2024 ला बाजारात आणली. गोल दिवे जुन्या थारचेच, जाळी मात्र नवी. एकूण रूप रांगडं आहे आणि ते शोभतं. मागच्या खिडकीची तिरकी, त्रिकोणी काच मात्र मला उपरी वाटली. मागच्या दाराची मूठही काचेशेजारी, उंचावर उभी बसवली आहे. लहान मुलांना दार तुम्हालाच उघडून द्यावं लागेल.

लांबी 4428 मिलिमीटर, रुंदी 1870. हे आकडे लक्षात ठेवा, कारण इथल्या घराखालच्या पार्किंगमध्ये तेच आडवे येतात. मागचं दार वर उचललं जात नाही, बाजूला उघडतं आणि त्यावर जाडजूड स्टेपनी. गाडी भिंतीला टेकवून लावलीत, तर भाजीची पिशवीसुद्धा मागच्या सीटवरून आत टाकायची.

आता ताकदीचं. तीन दारांच्या थारच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2450 मिलिमीटर अंतर आहे, रॉक्समध्ये 2850. या वाढीव 40 सेंटिमीटरमुळे मागे बसणाऱ्यांचे पाय सुटे झाले. पण चाकांमधलं अंतर वाढलं, की उंचवटा ओलांडताना गाडीचं पोट लवकर टेकतं. डोंगरवाटेवर जुनी, आखूड थार त्या बाबतीत सरसच. घरच्यांना घेऊन फिरायचं असेल, तर मला हा सौदा मान्य आहे.

आणि पाणी. कंपनी सांगते, 650 मिलिमीटर खोल पाण्यातून गाडी जाऊ शकते. म्हणजे गुडघ्याच्या वर. पावसाळ्यात अंडरपास तुंबला, की हा आकडा आठवून मोह होईल. पण तो सावकाश पार करायच्या पाण्यासाठी आहे. अंडरपासमध्ये रस्ता खाली उतरत जातो, गढूळ पाण्यात खोली दिसत नाही आणि वाहतं पाणी जड गाडीलाही ढकलतं. 21 मे 2023 ला याच शहरात के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये गाडी बुडून एका तरुणीचा जीव गेला. तुंबलेल्या अंडरपाससमोर थार असो की छोटी हॅचबॅक, गाडी वळवा.

फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये मिळतं आणि त्याचे पैसे बरेच जास्त मोजावे लागतात. राजाजीनगर ते ऑफिस एवढीच धाव असेल, तर ते घेऊ नका. डांबरी रस्त्यावर ती चार चाकांची ओढ लागतच नाही. महिन्यातून एखादा रविवार मागडी रोड धरून सावनदुर्गाकडे जाणार असाल, मातीच्या वाटांवर उतरणार असाल, तर गोष्ट वेगळी. शोरूममध्ये मात्र टेप घेऊन जा आणि त्याआधी आपलं पार्किंग मोजा, मागचं दार उघडायची जागा धरून.