अखंड गाण्याचे तुकडे

पिंपळे सौदागर येथील आमच्या घरीं जुन्या मैफलींच्या ९० मिनिटांच्या कॅसेटी आहेत. त्या संगणकावर उतरविल्यापासून, एकसंध ध्वनिमुद्रणाचे तुकडे कोठें पाडावे, हा प्रश्न आम्हांस पडला आहे. ‘ऑडॅसिटी’ नांवाची फुकट मिळणारी आज्ञावली शांतता हुडकून आपण होऊन खुणा करूं शकते. आवाज किती उतरला व किती वेळ तसा राहिला म्हणजे शांतता मानावी, एवढें तिला सांगावें लागतें. व्याख्यानास ही युक्ति बरी. पण ख्यालगायनांत गवई थांबला तरी तंबोरा थांबत नाहीं. मग यंत्रास शांतता सांपडावी कोठून? मर्यादा वर चढवावी, तर आलापांतील विसांवाच तें समाप्ति समजतें!

पूर्वीं ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस अवघीं तीन-साडेतीन मिनिटें मिळत, तेव्हां गवईच आपला राग तेवढ्यांत बसवी. आतां कात्री आमच्या हातीं आली आहे. घरांतील तरुण मंडळी विलंबित व द्रुत निरनिराळे मागतात. आमच्या मतें तुकडा रागाच्या शेवटीं, टाळ्या विरल्यावर पाडावा. मध्यें केवळ खूण ठेवावी. कारण पुष्कळ यंत्रें दोन तुकड्यांमध्यें क्षणभर थांबतात, आणि तेवढ्यांत तंबोऱ्याचा धागा तुटतो. ४५ मिनिटांनीं कॅसेट उलटतांना जी तान गेली, तिला मात्र उपाय नाहीं. ती जागा आम्ही न सांधतां तशीच ठेविली आहे.